तोंड पाण्यात

तळ्यात उतरणाऱ्या बाया तोंड मिटून पोहायच्या. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या पाण्याची चव एकदा जिभेला कळली की माणूस आपोआप शहाणा होतो. एका अंगानं शहराचा नाला येऊन मिळायचा, दुसऱ्या अंगानं कातडी कमावण्याच्या कारखान्याचा, आणि दोन्हींचं मिळून जे काही व्हायचं त्यावर जलपर्णी अशी माजायची की सकाळी मोकळं केलेलं पाणी आठवड्यात पुन्हा हिरवंगार. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय सुंदर कुरण आहे. जवळ आलं की नाकच सांगायचं कसलं कुरण आहे ते.

त्या आठ-नऊ बायांत बगळी सगळ्यांत जुनी. कमरेला दोराचं टोक बांधून आत जायचं, जलपर्णीच्या बेटाला वळसा घालायचा, आकडीनं दोर मुळांखाली दाबून गाठ मारायची आणि परत यायचं. मग काठावरची माणसं बेट ओढून घ्यायची. हे काम ती चौदा वर्षं करत होती. पोहताना तिची मान ताठ, हनुवटी पाण्याच्या चार बोटं वर, हात पाण्याच्या आतल्या आत. म्हणून बगळी. बगळा पोहत नाही, नुसता उभा राहतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आलं असतं तरी नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. मान वर ठेवण्याचा फायदा होता. समोरून काय तरंगत येतंय ते दिसायचं. फुगलेलं कुत्रं, फुटकी बाटली, कुणाच्या तरी घरातली नको ती चिंधी. दिसलं की बाजूनं जाता यायचं.

त्या साली उन्हाळा लवकर आला आणि लवकर जाईना. तळं खाली गेलं, उरलं ते आणखी दाट झालं. त्याच दिवसांत त्यांच्यातली तोतरी गेली. दोर पायात गुरफटला आणि ती बेटाखाली ओढली गेली. तिसऱ्या दिवशी वर आली. बगळीनंच दोर टाकून तिला काठाला आणलं. तोतरीचं तोंड जलपर्णीच्या मुळांनी गच्च भरलेलं होतं, काळ्या, केसांसारख्या मुळांनी. तिच्या माणसांनी तिला तशी बघू नये म्हणून बगळीनं बोट घालून ती मुळं काढली. पुढं आठ दिवस ती त्या हातानं जेवली नाही.

मग वरच्या कचेरीतून कागद आला. तोतरी मेली ती तिला नियमानं पोहता येत नव्हतं म्हणून, असं वरच्यांनी ठरवलं होतं. मुकादमानं पंपघराच्या पायरीवर उभं राहून कागद वाचून दाखवला.

"पंपघरापासून तळ्यात तरंगणाऱ्या लाल पिंपापर्यंत जायचं आणि यायचं. हात पाण्याबाहेरून टाकायचा. श्वास बाजूनं घ्यायचा. तोंड पाण्यात. तीन आठवड्यांनी साहेब येणार परीक्षेला. नापास झाली तिचं काम बंद, आणि खोली पंधरा दिवसांत मोकळी करायची."

"तोंड पाण्यात?" ठेंगणीनं विचारलं. ती बगळीच्या शेजारच्या खोलीतली. उंचीत कमी पडलेलं सगळं तिच्या जिभेनं भरून काढलं होतं.

"कागदात तसंच आहे."

"आणि कागद लिहिणाऱ्याचं तोंड कुठाय?"

"शहरात," मुकादम म्हणाला आणि कागदाची घडी घातली.

बाया हसल्या. बगळी हसली नाही. तळ्याकाठच्या पत्र्याच्या खोल्या तळ्यावर काम करणाऱ्यांच्या. काम गेलं की खोली गेली. तिच्या खोलीत नवरा होता, सासू होती, आणि नको असलेला एक दीर होता. नवराही आधी तळ्यातच उतरायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायांची कातडी फाटायला लागली, ती फाटतच गेली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा त्या पाण्यात पाय घालायचा नाही. तेव्हापासून तो दारात बसून दोर वळायचा आणि संध्याकाळी पायांना मलम चोळायचा. घरातून तळ्यात उतरणारं माणूस आता एकच होतं.

दीर चार दिवसांसाठी म्हणून आला होता. त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर तो अकरा वर्षं नोकरीला होता, आणि ती नोकरी का सुटली हे तो दर वेळी वेगळं सांगायचा. येताना एक पिशवी आणि गळ्यात एक शिट्टी एवढंच घेऊन आला. शिट्टी तो झोपतानाही काढत नसे. ती कधी काळी पांढरी होती म्हणे. आता त्याच्या थुंकीनं पिवळी पडली होती आणि तिच्या भोकात काहीतरी काळं साठलेलं होतं. बाया त्याला शिट्टीच म्हणायच्या.

बगळीला त्याची किळस यायची. पायाची नखं तो चुलीपुढं बसून कापायचा आणि तिथंच सोडायचा. पाण्याच्या हंड्यात बुडवलेलं भांडं तोंडाला लावून प्यायचा आणि उरलेलं परत हंड्यात ओतायचा. सकाळी उठून खाकरायचा तो अख्ख्या चाळीला जाग येईपर्यंत. तिचा कंगवा वापरायचा. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तो म्हणायचा, "भाऊ आहे, कुठं जाईल?"

त्या संध्याकाळी नवराच म्हणाला, "ह्याला येतं ना नियमानं पोहायला. ह्याला विचार."

"मी ह्यांना विचारू?"

"मग कुणाला विचारणार? तीन आठवडे आहेत."

दीर दात कोरत बसला होता. कोरणी काढून त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जीव आला.

"वहिनी पोहतात कुठं? पाण्यात चालतात त्या. चौदा वर्षं चालताहेत. शिकायचं असेल तर सगळं विसरावं लागेल."

"विसरते," बगळी म्हणाली. तिचे दात करकरले.

पहिला धडा खोलीतच झाला. त्यानं घमेल्यात पाणी भरायला लावलं आणि ते बाकड्यावर ठेवलं.

"घाला तोंड."

बगळीनं वाकून ओठ पाण्याला लावले. जनावर हाळावर पितं तेवढंच. नाक वर, डोळे त्याच्याकडे. पाण्यात तोंड घालायचं म्हणजे दुसरं काय करायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं. ओठ सुटले आणि घोट आत गेला. ती ठसकली. दीर इतका हसला की शिट्टी छातीवर उडायला लागली.

"अहो, तोंड म्हणजे आख्खं तोंड. कपाळापासून हनुवटीपर्यंत."

"मग चेहरा म्हणा."

"चेहरा फोटोत असतो वहिनी. पाण्यात तोंडच."

कोपऱ्यातून सासूनं विचारलं, "काय पितेय ती?" तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती सगळं ओरडून विचारायची.

"पीत नाही, पोहतेय," नवरा म्हणाला.

"घमेल्यात?"

सासू बराच वेळ घमेल्याकडे बघत राहिली.

"श्वास पाण्यात सोडायचा," दीर सांगत होता. "सगळा. नाकानं, हळूहळू. वर आलं की फक्त घ्यायचा. वर येऊन सोडत बसलात तर घ्यायला वेळ राहत नाही, मग माणूस घाबरतो, मान उचलतो, आणि मान उचलली की पाय बुडाले. कळलं? डोकं वर गेलं की कंबर खाली जाते. तुमची कंबर चौदा वर्षं खाली आहे."

कंबर हा शब्द त्यानं ज्या तऱ्हेनं उच्चारला त्यानं तिला शिसारी आली. पण तिनं तोंड घातलं. घमेल्यातलं पाणी स्वच्छ होतं, त्यात बुडबुडे सोडणं सोपं होतं. तीन संध्याकाळी तिनं ते केलं. मग बाकड्यावर पालथं पडून हात फिरवायला शिकली. बोटं आधी, खांद्याच्या सरळ रेषेत. हात टाकल्यावर लगेच ओढायचा नाही, पुढं लांबवायचा. मग कोपर वर ठेवून तळवा पोटाखालून मांडीपर्यंत न्यायचा. दारातून बघणारे हसले तर ती डोळे मिटून घ्यायची.

चौथ्या दिवशी सकाळी तळं. नवऱ्याचा जुना सदरा, अर्धी चड्डी, कमरेला दोर. दीर काठावर उलट्या खोक्यावर बसला, डोक्यावर छत्री, हातात लांब बांबू. बाकीच्या बायाही गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. एकीला शिकवलं की बघून सगळ्यांना येईल, असा मुकादमाचा हिशेब होता.

"घाला तोंड," दीर म्हणाला.

बगळी छातीपर्यंत पाण्यात उभी होती. पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा होता, त्यात रंग फिरत होते. एक भिजलेला कागद तिच्या खांद्याला चिकटून सुटला. वरचं पाणी कोमट होतं, कुणाच्या तरी अंगातून आल्यासारखं, आणि खालून पायांना गार काहीतरी लागत होतं. तिनं डोळे मिटले, ओठ आत ओढले आणि तोंड घातलं.

आधी कान भरले. मग पापण्यांच्या फटीतून ते आत शिरलं आणि डोळे चुरचुरले. नाकानं श्वास सोडायचा हे ती विसरली. श्वास कोंडला, मान उचलली, तोंड उघडलं, आणि जे टाळण्यात चौदा वर्षं गेली ते एका घोटात आत गेलं. आंबट, मचूळ, मागून कुजक्या चामड्याची चव. काठावर येऊन ती ओणवी झाली आणि सकाळचा चहा, रात्रीचं जेवण, सगळं बाहेर काढलं.

"झालं?" दीर म्हणाला. "आता पुन्हा."

"तुम्ही उतरा," ती तोंड पुसत म्हणाली. "एकदा दाखवा. मग मी करते."

"माझ्या कानाला पाणी चालत नाही. डॉक्टरनं सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरनं?"

"शहरातल्या." त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. "पुन्हा."

ठेंगणी तिथंच पाण्याबाहेर पडली. "मी नाही घालणार तोंड. खोली गेली तर जाऊ दे, बहिणीकडे जाईन," ती म्हणाली. बगळीला बहीण नव्हती. तिनं पुन्हा तोंड घातलं.

असे दिवस गेले. दीर काठावरून ओरडायचा, आणि ओरडून भागलं नाही की बांबूचं टोक तिच्या कोपराला टेकवायचा. बांबूचं टोक चिकट असायचं. "कोपर! कोपर पडलं. मान उचलू नका, अंग वळवा. कुशीवर वळून झोपता ना, तसं. कान दंडाला लावून ठेवायचा. एक डोळा पाण्यात, एक बाहेर. अर्धंच तोंड बाहेर आलं पाहिजे, तेवढं पुरतं." पाय सायकलीसारखे मारू नका म्हणायचा, मांडीपासून हलवा, थोडेसे. दर तिसऱ्या हाताला श्वास. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

चीड येण्यासारखी गोष्ट ही की त्याचं म्हणणं बरोबर असायचं. चुलीपुढं नखं कापणाऱ्या ह्या माणसाला स्वतःचं काहीच दिसायचं नाही, पण तिचा हात पाण्यात चार बोटं आडवा गेला तर वीस हात लांबून दिसायचा. त्यानं सांगितल्याप्रमाणे केलं की पाणी वाट द्यायचं. नाही केलं की अडवायचं. बगळीला तो चुकीचा निघावा असं रोज वाटायचं.

तिचे डोळे लाल राहायला लागले. ओठांच्या कोपऱ्यांत फोड आले. डाव्या कानात ठणका बसला, त्यातून पिवळं यायचं, नवरा कापसाची वात करून ते पुसून घ्यायचा. केस तीन-तीनदा धुतले तरी वास जाईना. उशीलाही तो लागला. एका दुपारी तिनं नवऱ्याशेजारी अंग टाकलं तर त्यानं आपलं अंथरूण भिंतीकडे सरकवलं.

"वास येतो का?"

"नाही गं. उकडतंय."

त्याच्या फाटक्या पायांना तिनं दोन वर्षं मलम लावलं होतं, नाक न मुरडता. ती उठून ओसरीत जाऊन पडली.

"मी सांगू साहेबांना?" नवरा आतून म्हणाला. "चौदा वर्षांची नोकरी आहे म्हणावं."

"आणि ते ऐकतील?"

नवरा दोर वळायला लागला.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना तिला ते साधलं. कसं, ते तिला सांगता आलं नसतं. हात टाकला, लांबवला, ओढला, आणि कंबर आपोआप वर आली. अंग हलकं झालं. पाण्याच्या आत आवाज नव्हता. दिराचा नव्हता, मुकादमाचा नव्हता, कारखान्याच्या भोंग्याचासुद्धा नव्हता. एक, दोन, तिसऱ्याला कुशीवर, तोंडाच्या कोपऱ्यानं हवा, परत आत. डोकं वर काढलं तेव्हा लाल पिंप हाताला लागलं होतं. मान वर ठेवून तिथं जायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्माही लागला नव्हता. तिला दमसुद्धा लागला नव्हता.

तिला बरं वाटलं. त्या पाण्यात, तोंड घालून, बरं वाटलं. हे कळल्यावर तिला स्वतःचीच किळस आली.

परत येताना गालाला काहीतरी लागलं. मऊ, फुगलेलं, केसाळ. मेलेली घूस होती. मान वर असती तर दहा हातांवरून दिसली असती. ती गालावरून घसरली, कानामागून गेली, पायाला लागून मागं राहिली. बगळी थांबली नाही. हात पडत राहिले, तिसऱ्याला श्वास घेतला गेला. काठाला लागल्यावर तिला कळलं की आपण थांबलो नाही, आणि मग मात्र ती सदऱ्याच्या बाहीनं गाल पुसत राहिली.

"आता जमलं," दीर खोक्यावरून म्हणाला. त्यानं शिट्टी वाजवली. तिच्यातून थुंकी उडाली.

परीक्षेच्या दिवशी साहेब दहाला येणार होते, ते साडेअकराला आले. गाडी पंपघराशी थांबली, पण दार उघडलं नाही. काचा वर होत्या. आत साहेब नाकाला रुमाल लावून बसले होते. ऊन रणरणत होतं आणि तळ्यातून वाफ निघाल्यासारखा वास उठत होता. मुकादम काचेशी वाकला, हातवारे झाले, मग तो यादी घेऊन मागं आला.

"सुरू करा. साहेब तिथूनच बघतील."

बगळीचा नंबर पहिला होता. खोली, नवऱ्याचे पाय, सासूचा कोपरा, सगळं डोक्यात घेऊन ती उतरली, आणि तोंड घातल्याबरोबर डोकं रिकामं झालं. कोपर वर, कान दंडाला, तिसऱ्याला श्वास. आयुष्यात ती इतकं चांगलं पोहली नव्हती. पिंपाशी वळताना क्षणभर डोकं वर निघालं आणि तिला गाडी दिसली. साहेब मान खाली घालून फोन बघत होते. तिला वाटलं, आता वर बघतील. तिनं तोंड पुन्हा घातलं. परत येईपर्यंत एकदाही नियम मोडला नाही.

मग बाकीच्या उतरल्या. कुणी थोडं तोंड घातलं, कुणी नुसतीच मान इकडून तिकडं फिरवली. ठेंगणी बहिणीकडे गेली नव्हती. तीही उतरली, आणि मान ताठ ठेवून, हात मात्र पाण्याबाहेरून गरागरा फिरवत, तोंडातल्या तोंडात शिव्या देत पिंपाला शिवून आली. काठावर हशा झाला. गाडीत काही हललं नाही.

काच चार बोटं खाली आली.

"झालं सगळ्यांचं?"

"झालं साहेब."

"तोंड पाण्यात होतं ना?"

"होतं साहेब," मुकादम म्हणाला.

यादीवर सह्या झाल्या. आठच्या आठ पास. काच वर जायला लागली होती, तेवढ्यात दीर पुढं झाला आणि उगाचच एक शिट्टी वाजवली. काच थांबली.

"हा कोण?"

"ह्यांनीच शिकवलं साहेब. शहरातल्या तलावावर होते."

साहेबांनी रुमालाआडून त्याच्याकडे बघितलं. "कागदात प्रशिक्षकाची जागा आहेच. ती रिकामी का ठेवलीत? ह्यालाच घ्या." काच बंद झाली. गाडी मागं फिरली आणि धूळ उडवत गेली.

बगळी ओल्या अंगानं उभी होती. पास झाल्याचं तिला कळलं होतं. खोली राहिली, तेही कळलं होतं. ठेंगणी तिच्या शेजारी येऊन केस पिळायला लागली. त्या केसांचं टोकच काय ते भिजलं होतं.

"एवढं पाणी उगाच प्यायलीस बाई," ठेंगणी म्हणाली. टोमणा नव्हता तो. खरंच वाईट वाटून म्हणाली, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

दिराला नवी टोपी मिळाली, पाठीवर अक्षरं छापलेला पांढरा शर्ट मिळाला, बसायला खुर्ची मिळाली. तोतरीची रिकामी खोलीही मिळाली. बगळीच्या घरातून त्याची पिशवी हलली, एवढाच काय तो तिचा लाभ. जेवायला तो इकडंच यायचा. नखंही इकडंच कापायचा, जुनी सवय म्हणून. सासू शेजारच्यांना ओरडून सांगायची, "धाकटा साहेब झाला." घमेल्यात तोंड घालणाऱ्या सुनेबद्दल ती काही सांगायची नाही.

पुढच्या सोमवारी काम पुन्हा सुरू झालं. बाया कमरेला दोर बांधून पाण्यात उभ्या राहिल्या. मुकादम पायरीवर चहा पीत होता. दीर खुर्चीत बसला, पायावर पाय टाकला आणि शिट्टी वाजवली.

"सगळ्यांनी तोंड पाण्यात घालून जायचं. आता चालढकल चालणार नाही. चला वहिनी, दाखवा ह्यांना."

बगळी कमरेइतक्या पाण्यात होती. ती जागची हलली नाही. वळली आणि त्याच्याकडे बघत राहिली. पांढऱ्या शर्टाला इस्त्री होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "आधी तुम्ही."

"काय?"

"तुम्ही दाखवा. आता पगारी मास्तर आहात. आम्ही बघतो आणि तसंच करतो."

"वहिनी, माझ्या कानाला..."

"कापूस घाला," ठेंगणी म्हणाली. "माझ्याकडे आहे. देऊ का?"

बाया थांबल्या होत्या. एकीनं दोर सोडून हात कमरेवर ठेवले, मग दुसरीनं. मुकादमानं चहाचा घोट घेतला. त्याला काम सुरू व्हायला हवं होतं, बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

"दाखवा ना मास्तर एकदा. ऊन चढतंय."

दिरानं आजूबाजूला बघितलं. कुणी त्याच्या बाजूचं नव्हतं. त्यानं शर्ट काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला, त्यावर टोपी ठेवली. शिट्टी गळ्यातच राहिली. घोट्यापर्यंत आला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. गुडघ्यापर्यंत आला. मांडीला पाणी लागलं तसे त्यानं दोन्ही हात वर धरले. पोटाला तो पापुद्रा चिकटला तेव्हा त्यानं डोळे मिटले. बगळीला ते सगळं ओळखीचं होतं. ती एकेक पायरी तिची उतरून झाली होती. ती वाट बघत होती. आता तोंड घालेल, आता. मनातून तिला ते बघायचंच होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा हात, त्याचं कोपर कसं पडतं तेही बघायचं होतं. ज्यानं शिकवलं त्याचं ते किती सुरेख असेल, असं तिच्या मनात आलंच.

दीर पाण्यात पडला आणि पोहायला लागला. मान ताठ. हनुवटी पाण्याच्या चार बोटं वर. ओठ घट्ट मिटलेले, हात पाण्याच्या आतल्या आत, कंबर खाली. शिट्टी त्याच्यापुढं तरंगत चालली होती. समोरून एक चिंधी आली, ती त्यानं लांबूनच बघितली आणि बाजूनं गेला. वीस हात गेला आणि तसाच परत आला.

पहिल्यांदा ठेंगणी हसली. "भाऊजी, तोंड कुठाय?" मग सगळ्या. मुकादमाचा चहा सांडला. बगळीही हसली, पोट दुखेपर्यंत, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की तो अगदी आपल्यासारखा पोहला. आपल्या आधीच्यासारखा.

दीर बाहेर येऊन अंग पुसत होता. तो ओशाळला नव्हता. बोटानं कान साफ करत तो तिला म्हणाला, अगदी साध्या आवाजात, जसं काही तिला हे माहीत असायलाच हवं होतं, "ह्या पाण्यात तसंच पोहायचं असतं वहिनी. ह्यात तोंड कोण घालेल?"

मग त्यानं शर्ट घातला, टोपी घातली आणि खुर्चीत बसला. मुकादम म्हणाला, "झाला तमाशा. चला आता, दोर घ्या. आणि कसं जायचं तसं जा, मला बेट काठाला पाहिजे." बाया माना वर काढून एकेक करून आत निघाल्या.

बगळीनं दोराची गाठ घट्ट केली. आता कुणी बघत नव्हतं. कुणी बघणार नव्हतं. तिनं ओठ मिटले, मान ताठ केली, हनुवटी वर उचलली आणि पाण्यात अंग टाकलं. पाय बुडाले. कंबर खाली गेली. पाणी छातीवर अडलं आणि चार हातांतच तिला दम लागला, तो चौदा वर्षांत कधी लागला नव्हता. पुढं ठेंगणी आरामात चालली होती, मान वर, कुणाशी तरी बोलत. बगळीनं मान आणखी ताणली. मग उजवा हात पाण्याबाहेर आला, तिनं काढला नव्हता. तो पुढं लांबला, बोटं आधी, खांद्याच्या सरळ रेषेत. डावा आला. कंबर वर उचलली गेली, कान दंडाला टेकला आणि तोंड खाली गेलं. सगळे आवाज बंद झाले. तिनं दात आवळून धरले. तिसऱ्या हाताला ती कुशीवर वळली, आणि तोंड आपोआप उघडलं.